मतं विखुरतात ती का?

कर्नाटकातल्या बेळगाव सीमाभागातला मराठी शेतकरी लोकसभेला एकवटत नाही, असं म्हणतात. अहो, मतदारसंघांच्या रेषाच तशा आखल्यात! खानापूर उत्तर कन्नड मतदारसंघात, निपाणी चिक्कोडीत, येळ्ळूर-उचगाव बेळगावात. एकवटायचं तरी कुठं? तरी 1996 ला सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधायला बेळगावातून 456 उमेदवार उभे राहिले, आणि त्याच वर्षी उमेदवाराने भरायची सर्वसाधारण अनामत 500 वरून 10,000 रुपये झाली.

गेल्या खेपेला, मे महिन्याच्या उन्हात, प्रचाराची जीप आमच्या बांधावर थांबली. काकू उसाला पाणी देत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "उसाचं बिल कवा मिळणार?" उत्तर नाही. हातात पत्रक दिलं. त्यात मराठीची एक ओळ नव्हती. फार लागलं मनाला.