अनुभव धागा: उंबरठ्याच्या आत काय येते?

आपले इंदूर 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले येत गेले, आणि ओला-सुका कचरा वेगळा करणे आता आपल्या घराघरांत अंगवळणी पडले आहे. 19 फेब्रुवारी 2022 रोजी देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे शहराच्या कचरा डेपोत, सुरू झालेल्या बायो-सीएनजी प्रकल्पाची क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची आहे. ढिगाऱ्यात हवेविना कुजणाऱ्या कचऱ्यातून सुटणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो, म्हणून हे काम मोलाचेच आहे. पण फेकलेल्या भातापासून गॅस झाला, तरी तो भात पिकवताना आणि शिजवताना जळालेले इंधन परत मिळत नाही. कचरागाडीत काय टाकतो याचा हिशेब आपण शिकलो. घरात काय आणतो, किती जाळतो, याचा हिशेब ज्यांनी मांडून पाहिला असेल, त्यांनी येथे आपला अनुभव लिहावा. शक्य तेथे आकडा द्यावा, आणि जे जमले नाही तेही सांगावे.

रामबागेतून, एक गृहिणी

माझा हिशेब स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आहे. नवा सिलिंडर लावला की त्या तारखेला मी पेनाने गोल करते. दोन वर्षांपूर्वी दोन गोलांमध्ये 34 दिवसांचे अंतर असे, आता ते 45 दिवसांचे झाले आहे; माणसे तेवढीच, जेवणही तेच. तूरडाळ अर्धा तास आणि हरभरे, राजमा रात्रभर भिजवल्याशिवाय कुकर चढवायचा नाही, वाफ धरली की आच बारीक करायची, फ्रिजमधले दूध आधी बाहेर काढून ठेवायचे आणि सगळे एकत्र जेवायला बसायचे, म्हणजे आमटी तीनदा गरम करावी लागत नाही, एवढेच मी बदलले. यातले शेवटचे सर्वांत अवघड गेले, कारण त्यासाठी घरातल्या चौघांना आपापल्या वेळा सोडाव्या लागल्या. मुलाने हिशेब करून दिला की 14.2 किलो गॅस जळला की सुमारे 42 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाला माझे अडीच सिलिंडर वाचतात, म्हणजे शंभर किलोच्या थोडे वर. माझ्या सासूबाई हे सगळे रॉकेलच्या स्टोव्हवर करीतच असत. तेव्हा रॉकेल रेशनवर मिळे, म्हणून ते जपून वापरले जाई.

टिळकनगरातून, एक निवृत्त बँक अधिकारी

रामबागेतल्या काकूंचे लिहिलेले वाचल्यावर मला हे लिहिणे भाग वाटले. मी कचरा काटेकोर वेगळा करते, कापडी पिशवी घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि दर वर्षी मुलीकडे अमेरिकेला जाते. एवढ्या लांबच्या विमानप्रवासात जाऊन-येऊन एका प्रवाशाच्या वाट्याला एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड येतो. म्हणजे काकू दहा वर्षे डाळ भिजवून जेवढे वाचवतील, तेवढे मी एका फेरीत खर्च करते. भारतात दर माणशी सरासरी उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे. त्यातला निम्म्याहून मोठा भाग माझ्या एका तिकिटात संपतो, आणि त्या सरासरीत ज्यांनी कधी विमान पाहिलेले नाही तेही मोजलेले आहेत. नातवाला भेटू नये असे मला कोणीही सांगू नये, पण दोन वर्षांतून एकदा जाऊन तीन महिने राहायचे, असे आम्ही या वर्षी ठरवले. मुलगी फोनवर बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "आई, तब्येत ठीक आहे ना?" खरे कारण तिला पटवायला मला आठवडा लागला.

सुदामानगरातून, एक अभियंता

आपल्या घरगुती काटकसरीने काय होणार, खरे उत्सर्जन तर वीज केंद्रांचे आहे, असे मीही म्हणत असे. खंडवा जिल्ह्यातले श्री सिंगाजी केंद्र 2520 मेगावॅटचे आहे आणि ते कोळशावर चालते. पण तिथली वीज जाते कुठे, तर माझ्यासारख्यांच्या शयनगृहात. ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. आमचा दीड टनाचा एसी ताशी सव्वा युनिट घेई, म्हणजे आठ तासांत दहा युनिट आणि सात किलो. कूलर तेवढ्याच रात्रीत दीड-पावणेदोन युनिट घेतो. एप्रिल-मेच्या कोरड्या माळव्यात तो उत्तम चालतो, रोज पाणी भरण्याचे आणि वर्षाला ताट्या बदलण्याचे कष्ट मात्र आहेत. पावसाळ्यात त्याचा काहीच उपयोग होत नाही, आणि उमसाच्या रात्री आम्ही एसी 26 अंशांवर लावतो. वीज केंद्रांची जबाबदारी यामुळे कमी होते असे मी मानत नाही. कोळसा कधी सोडायचा हे धोरणानेच ठरेल. पण मागणी माझी आहे, ती नाकारता येत नाही.

लोकमान्यनगरातून

माझा अनुभव छोटा आहे. मिक्सर बंद पडला, तेव्हा कंपनीच्या सेवा केंद्रात "हे मॉडेल आता येत नाही, नवा घ्या" असे सांगितले. महाराणी रोडजवळच्या एका कारागिराने तो उघडून मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजून नखाएवढे उरलेले दोन कार्बन ब्रश माझ्या तळहातावर ठेवले आणि दहा मिनिटांत नवे बसवून दिले. तांबे, पोलाद, प्लॅस्टिक असा चार किलोंचा ऐवज त्या दोन तुकड्यांपायी फेकला गेला असता.

वैशालीनगरातून, एक विद्यार्थिनी

पाण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे 70 किलोमीटर पंपांनी विंध्याच्या चढावर चढवून आणले जाते, म्हणजे प्रत्येक बादलीत वीज आहे. महापालिकेने 2023 मध्ये ग्रीन बॉन्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून जलूदच्या 60 मेगावॅट सौर प्रकल्पासाठी 244 कोटी रुपये उभे केले, ते याच विजेसाठी. हे वाचल्यानंतर एके सकाळी मी गच्चीवर गेले, तर आमच्या टाकीतून पाणी वाहत होते आणि पन्हाळीखाली हिरवे शेवाळ चांगले हातभर पसरले होते, म्हणजे ते कित्येक महिने वाहत असणार. बाबांनी त्याच दिवशी बॉलकॉक बदलला. शेवाळ आता वाळून काळे पडले आहे.