दुसऱ्यांच्या आज्यांना भरवते, माझी आजी ठाण्यात एकटी आहे. मी परत जावं का?

अश्दोदची नात

नमस्कार. मी एकोणीस वर्षांची आहे, इस्राएलमध्ये अश्दोदला राहते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, मूळचे अलिबागकडचे, पण माझा जन्म ठाण्याचा, चरईतला. पाचवीपर्यंत मराठी शाळेत होते. अकरा वर्षांची असताना पप्पा, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ इथे आलो. आजी आली नाही. आजोबांना ठाण्यातच पुरलंय आणि त्यांच्या शेजारची जागा तिची आहे, असं ती तेव्हाही म्हणाली आणि आजही म्हणते.

इथे अठराव्या वर्षी मुलींनाही सैन्यात जावं लागतं. ज्या मुली धार्मिक कारणाने जात नाहीत त्यांतल्या अनेक जणी शेरूत लेउमी करतात, म्हणजे राष्ट्रीय सेवा. मी तीच घेतली. माझी नेमणूक एका वृद्धाश्रमात झाली. सकाळी सातला जाते. मोरोक्कोहून आलेल्या आज्या आहेत, रशियन बोलणाऱ्या आहेत. केस विंचरते, सूप भरवते, गोळ्या घेतल्या का बघते. एक मोरोक्कन आजी मला ‘बिन्ती’ म्हणते, म्हणजे माझी पोरगी. तिला मी आमच्या मालिदाच्या प्रसादाबद्दल सांगितलं. पोहे, ओला नारळ, साखर, सुका मेवा, वर फळं, आणि आम्ही आमचे प्रेषित एलियाहू हनावी यांचं नाव घेऊन ते वाटतो. तिने माझा हात धरून ठेवला.

मे महिन्यात माझी आजी मोरीत पडली. उजवं मनगट मोडलं. शेजारच्या काकूंनी दवाखान्यात नेलं. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण आजीने काकूंना फोन करू दिला नव्हता. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, शुगर आहे. प्लास्टर निघालं, पण पोळी लाटता येत नाही. दिवसा दोन तास बाई येते. रात्री कोणी नसतं.

आता माझी सेवा ऑगस्टअखेर संपते. मला बेअर शेवाला नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे, सणांनंतर ऑक्टोबरच्या शेवटी वर्ग सुरू होतील. गेल्या शुक्रवारी पप्पा म्हणाले, “एक वर्ष थांब. आजीकडे जा. घरात तिच्याशी नीट मराठी बोलणारी तूच एक राहिलीस.” भाऊ सोळा वर्षांचा आहे, त्याला मराठी समजतं पण तो हिब्रूत उत्तर देतो. पप्पा बंदरावर पाळीत काम करतात. आई मुलांच्या पाळणाघरात.

तीन वर्षांपूर्वी आजी इथे तीन महिने राहून गेली. तिला हिब्रू येतं ते प्रार्थनेपुरतं. संपूर्ण शेमा ही प्रार्थना तोंडपाठ, पण दुकानात दूध मागता येईना. खिडकीत बसून राहायची. एकदा मला म्हणाली, “इथे सगळे आपलेच आणि ओळखीचं कोणी नाही.”

मला कळत नाही मी कुठली आहे. ठाण्यात वर्गात मुली विचारायच्या, तुमची देवपूजा कशी, तुम्ही ख्रिश्चन का. इथे शाळेत मी ‘होदित’, भारतीय. दोन्हीकडे समजावून सांगत मोठी झाले. आजीकडे मात्र काही समजावावं लागत नसे. शुक्रवारी ती काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात असा दिवा लावायची आणि मला डोळ्यांवर हात धरायला लावायची. अजून लावते. इथे दुपारचे साडेचार वाजतात तेव्हा तिकडे सात. त्याआधी मी फोन करते, फोन मांडीवर ठेवून ती वात वळते. आता डाव्या हाताने वळते, वेळ लागतो.

मी गेले नाही तर मी दुसऱ्यांच्या आज्यांना भरवणारी आणि स्वतःच्या आजीला सोडणारी ठरेन, असं वाटतं. गेले तर नर्सिंगची जागा पुढच्या वर्षी मिळेल याची खात्री नाही. भारतात घरी आजीची काळजी घेणाऱ्या कोणी असाल तर सांगा. मी काय करू?

चरईतला शेजारी

बेटा, मी तुझ्या आजीच्याच भागातला. टेंभी नाक्याजवळचं तुमचं सिनेगॉग, शआर हशामाईम, १८७९ पासूनचं, माझ्या रोजच्या वाटेवर आहे. शनिवारी पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या बायका हळूहळू चालत जाताना दिसतात. पूर्वी पुष्कळ असत.

दोन गोष्टी. पहिली कामाची. रात्रीची बाई ब्यूरोतून मिळते, बारा तासांची. पण ब्यूरोवर विसंबू नका, त्या बदलत राहतात. आधी सोसायटीतल्या कामवाल्या बायकांना विचारा, ओळखीतली मिळाली तर टिकते. मोरीत दांडे बसवून घ्या आणि खाली रबरी चटई. आमच्या आईच्या वेळी हे आधी केलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

दुसरी गोष्ट मी स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. ती तुझ्या पप्पांची आई आहे. त्यांना पाळी आहे, घराचे हप्ते असतील, मला कळतं. पण मुलगा येऊ शकत नाही म्हणून नात पाठवायची, आणि नातवाचं नावही निघत नाही, हे आपल्याकडे फार जुनं आहे. माझ्या बहिणीचं बी.एड. असंच राहिलं. मी तेव्हा गप्प बसलो, कारण मला परीक्षा होती. आज ती काही बोलत नाही. मला मात्र रोज आठवतं.

पुण्याची सिस्टर

मी वॉर्डात बावीस वर्षं काढली. एक विचारू? आजींची शुगर किती राहते, पाय बधिर होतात का, नजर तपासली का? मोरीत पडणं म्हणजे नुसता पाय घसरणं नसतं. कधी उठताना रक्तदाब उतरतो, कधी गोळी जेवणाआधी घेतली जाते, जेवण उशिरा होतं आणि साखर उतरते. त्यांना एकदा नीट तपासून घ्या. कारण सापडलं तर पुढचं पडणं वाचतं, आणि मग ‘एक वर्ष कोणीतरी हवं’ हा हिशेबच बदलू शकतो. आणि पोळ्या लाटता येत नसतील तर मनगटाचा व्यायाम कोणी शिकवला का? प्लास्टर काढून घरी पाठवतात आणि सांगत नाहीत. फिजिओथेरपिस्ट घरी येतात.

दिमोनाची मावशी

बाळा, तुझी पोस्ट माझ्या सुनेने वाचून दाखवली, ती पनवेलची. मी सांगते, ती लिहिते.

मी १९७१ साली रेवदंड्याहून इथे आले, अठरा वर्षांची होते. दिमोनात तेव्हा वाळू आणि ब्लॉकच्या इमारती. आमच्या आधीच्यांनी तर लग्नासाठीसुद्धा लढाई केली. तुम्ही पुरते यहुदी आहात का, असं रब्बी विचारायचे, ते १९६४ साली मिटलं. मी दिवसा कापडगिरणीत आणि रात्री हिशेबनिशीचा वर्ग. आई रेवदंड्याला आजारी पडली. भाऊ म्हणाले, तू जा. मी गेले. दोन वर्षं राहिले.

आई खूश असेल असं वाटलं होतं ना? ती रोज विचारायची, “कधी जातेस परत?” तिला माझे हात हवे होते, पण माझ्या तोंडावरचा त्याग तिला बघवत नव्हता. एकदा म्हणाली, “मी तुझ्यावर ओझं झाले हे मला रोज जेवताना दिसतं.” मी काही बोललेच नव्हते कधी. तरी तिला दिसलं. परत आले तेव्हा वर्ग गेला होता, गिरणीतच निवृत्त झाले. ती दोन वर्षं मला मिळाली याचं दुःख नाही. आईला ती सुखाने मिळाली नाहीत याचं आहे.

जायचं तर जा. पण किती दिवस ते ठरवून जा आणि आजीला आधी सांग.

कागदाचं म्हणशील तर, तुझ्यासारख्या भारतात जन्मलेल्यांना ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड मिळतं, त्यावर हवं तितकं राहता येतं. सैन्यात गेलेल्यांची पूर्वी अडचण होती. २०१७ च्या जुलैमध्ये मोदी तेल अवीवला आले तेव्हा त्यांनी सक्तीची सेवा केलेल्यांनाही ते देऊ असं सांगितलं. तू शेरूत केलीस, तुला तो प्रश्नच नाही. अर्ज आताच कर.

अश्दोदची नात

सगळ्यांचे आभार. मावशी, मी तुमचं दोनदा वाचलं. नंतर पप्पांना वाचून दाखवलं. शेजारीकाकांचंही.

पप्पा खूप वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, आठ वर्षांत ते ठाण्याला गेले नाहीत ते पैशांमुळे नाही. दारातून निघताना आजीने मेझुझाला, म्हणजे चौकटीवरच्या प्रार्थनेच्या डबीला, हात लावून तो हात त्यांच्या डोक्यावर ठेवला होता, आणि ते वळून न बघता जिना उतरले. परत त्याच दारात कसं उभं राहायचं, हे त्यांना कळत नव्हतं. मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं ते विसरलेत.

त्यांनी रजेचा अर्ज दिला आहे. नोव्हेंबरमध्ये तीन आठवडे मिळतील असं म्हणतात. मोरीतले दांडे काकूंच्या मुलाने काल बसवले. सिस्टर, आजी गोळी सकाळी सहाला घेते आणि नाश्ता नऊला करते. तुम्ही म्हणालात तेच. डॉक्टरांकडे सोमवारी नेणार आहेत. रात्रीची बाई अजून मिळालेली नाही.

आणि मी शुक्रवारी आजीलाच विचारलं. मी येऊन राहू का, वर्षभर? ती वात वळत होती. म्हणाली, “वर्षभर कशाला? नव्याच्या सणाला ये. चिकाचा हलवा घोटायला हात लागतात. माझं मनगट चालत नाही, आणि काकूंना नारळाच्या दुधाचा अंदाज नाही.”

नव्याचा सण म्हणजे आमचं नवं वर्ष, रोश हशाना. मी म्हणाले, हलवा करून लगेच जाऊ का? म्हणाली, “दारफाळणीच्या सणाचा उपास माझ्याबरोबर सोड. मग जा. परतीचं तिकीट काढूनच ये, मला दाखव.” दारफाळणी म्हणजे योम किप्पूर, नव्या वर्षानंतरचा आमचा मोठा उपास.

गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक निवळू द्यायचा. तिने सांगितलं आणि मी लिहून घेतलं. काही शब्द तिला दोनदा विचारावे लागले.