अलीकडे थिएटरात पाहिलेला मराठी सिनेमा : कोणता, कुणासोबत आणि बाहेर आल्यावर काय झालं?

सड्यावरची
काल बाबांना घेऊन 'दशावतार' बघितला एकदाचा. १२ सप्टेंबर २०२५ ला लागल्यापासून नुसतं जाऊ जाऊ चाललं होतं. प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडलीय हे ठाऊक होतं, तरी त्यांचा तो बाबुली मेस्त्री तोंडाला रंग लावायला बसला आणि मी थेट आजोळच्या देवळापुढे पोचले.

जत्रेची रात्र, दशावताराचा खेळ. गोणपाट अंथरून आम्ही पोरं सगळ्यात पुढे. गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी यांचं होऊन संकासूर आला की मी आजीच्या पदरात. मुख्य आख्यान सुरू व्हायच्या आत झोप लागलेली असायची आणि उजाडताना दहीकाल्याला कुणीतरी हलवून उठवायचं. एकदा सकाळी विहिरीवर लुंगी लावलेला एक बाप्या दात घासत होता. डोळ्यांत काजळ तसंच. आजी म्हणाली, ही बघ कालची राणी. स्त्री पार्टी पुरुषच करतात हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं! पुढे कळलं की त्यांचे संवादही कुणी लिहून दिलेले नसतात. कुठलं आख्यान लावायचं ते आधी ठरतं, मग बसायला एक बाकडं, पेटी, मृदंग, झांज, आणि रात्रभर जो तो आपल्या डोक्यातून बोलतो. ती माणसं काय ताकदीची असतील.

सिनेमाचं म्हणाल तर मध्यंतरापर्यंत पापणी लवली नाही. नंतर तो जरा 'सिनेमा' होतो, सूडबिड. बाबांना त्याचं काही नाही. गाडीत बसल्यावर एकच वाक्य, "मृदंग बरो वाजयलो."

तुम्ही शेवटचा कोणता पाहिलात? समीक्षा नको, त्या सगळ्यांनी लिहून झाल्यात. कुणाबरोबर गेलात आणि काय झालं ते लिहा.

मधली_सुट्टी
अगं बाई स्पॉयलर! मी रविवारी जाणार आहे :(

सड्यावरची
एवढं तर ट्रेलर बघूनही कळतं गं. जा तू बिनधास्त.

खडूस_प्रेक्षक
मी एकटाच गेलो होतो त्यामुळे भांडायला कुणी नव्हतं, इथे भांडतो. प्रभावळकरांना शंभर गुण. पण खाणीचा विषय घेतलात तर तो शेवटपर्यंत खाणीचाच राहू द्यायचा. दोडामार्ग तालुक्यात कळणे गावातल्या खाणीवरून काय काय झालं ते जवळून बघितलेला माणूस आहे मी. तिथे खलनायक एक नसतो हो. अर्धा गाव ट्रकवर कामाला असतो आणि अर्धा गाव विरोधात, आणि दोघे एकाच घरात जेवायला असतात. तो सिनेमा मला बघायचा होता.
आणि एकाच शुक्रवारी तीन मराठी सिनेमे! दशावतार, आरपार आणि बिन लग्नाची गोष्ट. वर्षभर इतर शुक्रवार काय उपाशी होते?

पाऊसवेडी
खडूस, तुमचा प्रतिसाद आवडला (आयडी बदला आता)
मी त्याच आठवड्यात नवऱ्याबरोबर बिन लग्नाची गोष्ट बघितला. त्याला आरपार बघायचा होता. नाणं उडवलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला छान होता, तेवढ्यावर त्याने विषय संपवला, आता आरपारला गेलो तर तोही छान होता एवढंच म्हणेल. या माणसाबरोबर सिनेमाला जाण्यात मजा नाही.

आडवातिडवा
आमची वेगळीच कथा. स्थळ सांगत नाही. सकाळचा शो, मी, बायको आणि मेव्हणा. काउंटरवरचा पोरगा म्हणे अजून दोघं आली तर लावतो, नाहीतर शो रद्द. मग मेव्हणा पार्किंगमध्ये जाऊन गिऱ्हाईक शोधायला लागला!! एका काकांना पटवलंन, ते खरं म्हणजे बायको खरेदी करत होती म्हणून गाडीत बसले होते. पाचवा मिळेना म्हणून शेवटी पाचवं तिकीट आम्हीच काढलं, त्यावर पिशव्या ठेवल्या. काका मध्यंतरात निघून गेले, खरेदी संपली होती.
दुपारी १२ ते रात्री ९ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा दाखवायचा असं २०१५ साली ठरलं होतं ना? केवढा गदारोळ झाला होता तेव्हा. वेळ मिळते पण कसली, सोमवार दुपार साडेबारा. कोण जाणार?

निशाचर
@आडवातिडवा मी जाते ना सोमवारी साडेबाराला! नाइट ड्युटी संपली, डबा खाल्ला, की थेट थिएटर. एसी मस्त असतो. अर्धा सिनेमा झोपेत जातो ते सोडा.
'जारण' मात्र टक्क जागी राहून बघितला. जूनमध्ये लागला होता. आपल्यावर करणी झालीय असं मानणारी अमृता सुभाषची राधा बघताना मला आमच्या वॉर्डातल्या बाया दिसत होत्या. नर्स आहे मी. आमच्याकडे पेशंट येतो तो आधी दोन-तीन ठिकाणी उतारे काढून. उशीखाली लिंबू, खाटेला काळा दोरा. जादूटोण्याविरुद्धचा कायदा येऊन २०१३ पासून किती वर्षं झाली, पण कायदा उशीखाली बघायला येत नाही. पूर्वी मी लिंबू फेकून द्यायचे आणि नातेवाईकांशी वाजायचं. आता विचारते, कुणी दिलं, कधीपासून त्रास, आधी घरात काय झालं होतं. दोऱ्याच्या निमित्ताने बाई बोलायला लागते. गोळ्या कशासाठी द्यायच्या ते त्यातूनच डॉक्टरांना कळतं कित्येकदा.
सिनेमा घाबरवतो पण भुताने नाही. अनिता दातेने तर कमाल केलीय, ती नुसती बघते तरी पोटात गोळा येतो. माझ्या मागे बसलेली कॉलेजची पोरं पहिल्या अर्ध्या तासात फिदीफिदी हसत होती, नंतर चिडीचूप. चला, भाजी करपतेय

मधली_सुट्टी
करपली का भाजी?

निशाचर
हो. वांगी होती. भरीत केलं असं सांगितलंय.

झाडीपट्टी
हाहाहा निशाचर ताई
आमच्याकडचा म्हणजे 'स्थळ'. मार्चमध्ये आला होता, चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात काढलाय. आपली बोली पडद्यावर ऐकून पहिले तर हसूच येत होतं, मग हसू गेलं. सुरुवातीलाच पोरगी नाही तर पोरगा दाखवायला बसलाय, समोर बाया प्रश्न विचारताहेत! थिएटरभर खसखस. मग खरे कार्यक्रम सुरू होतात. तोच पाट, तेच प्रश्न, तीच उंची, तोच रंग.
मी मामेबहिणीसोबत गेली होती. तिचे कार्यक्रम किती झाले ते आता घरात कोणी मोजत नाही. आई तिची उंची एक इंच वाढवून सांगते, बाप शेती एक एकर वाढवून. पोराकडचे येतात, पोहे खातात, "कळवतो" म्हणतात. कापसाला भाव नाही तर हुंडा कुठून, हेही त्यात हाय, आमच्या घरचंच दाखवल्यासारखं. बाहेर निघाल्यावर मी म्हटलं काय व, कसा वाटला? ती म्हणते, "पोहे करवत नाही आता माह्याच्यानं." दुसऱ्या दिवशी एक पाहुणे येणार होते, तिनं मामाला सांगून टाकलं, या म्हणा, पण मीच पहिले प्रश्न विचारीन. मामा बसूनच राहिला.

पाऊसवेडी
मग?? पाहुणे आले का??

झाडीपट्टी
आले ना. तिनं विचारलं स्वयंपाक येते का. पोरगा म्हणे खिचडी येते. सध्या फोनवर बोलणं चालू हाय. बाकी देवाच्या हातात.

खडूस_प्रेक्षक
खिचडी येते म्हणजे चांगलं स्थळ आहे.

भिशीवाली
अलीकडचा नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाईपण भारी देवा! २०२३ च्या पावसाळ्यात. आमची अख्खी भिशी, गॉगल, नऊवारी, एकीने तर खऱ्या नथी आणल्या होत्या आणि एक सीटखाली पडली. सिनेमा संपल्यावर सगळ्या जणी खाली वाकून मोबाइलच्या उजेडात नथ शोधतोय, साफसफाईवाल्या मावशी म्हणाल्या मी बघितला नाही हो अजून, शेवट काय होतो? त्यांना तिथेच सगळी स्टोरी सांगितली. नथ त्यांनाच सापडली.
सासूबाईंना त्या सहा बहिणी फार लागल्या. बाहेर आल्या आल्या थोरल्या मावशींना फोन लावला, त्यांच्यात जुनं आहे काहीतरी पाटल्यांवरून. दोघी रडल्या. मग पाटल्यांचा विषय निघाला आणि घरी पोचेपर्यंत फोन आपटला होता. केदार शिंदेंनी दुसरा भाग काढताना आमच्या घरी यावं.

सड्यावरची
भिशीवाली ताई :D पाटल्या कुणाकडे आहेत शेवटी?

भिशीवाली
तिसऱ्या मावशीकडे. ती गप्प असते.

जुनापडदा
मी तालुक्याच्या गावी एकपडदा थिएटरात ऑपरेटर होतो. आता मुलाकडे असतो. तुम्ही लोक शो रद्द होण्याबद्दल लिहिताय म्हणून आठवलं. आमच्या वेळी शो रद्द व्हायचा तो पेटी आली नाही म्हणून. शुक्रवारी सकाळी एसटीच्या टपावरून रिळांची पेटी उतरायची. स्टँडवर पोरं आधीच उभी, "पेटी आली का?" पेटी आली की गावात बातमी. कधी एकच पेटी दोन गावांत चालवायची. तिकडे पहिली रिळं संपली की सायकलवाला ती घेऊन निघायचा, आमचा खेळ तासभर उशिरा. सायकल पंक्चर झाली की पब्लिक खुर्च्यांवर चढायचं. मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळत, त्यांच्यावर सतत नजर. एकीकडे बघितलं की दुसरीकडे पडद्यावर अंधार, आणि खालून शिट्ट्या.
आता हार्ड डिस्क येते, नाहीतर थेट सॅटेलाइटवरून. डिजिटल चावी टाकली की ठरलेल्या तेवढ्याच तारखांना सिनेमा चालतो. परवा मुलगा दशावतारला घेऊन गेला. पडदा स्वच्छ, आवाज स्वच्छ. मी सवयीने मागे वळून वळून त्या काचेच्या भोकाकडे बघत होतो, तिथे कुणीच नव्हतं. सिनेमा चांगला होता. सून म्हणते तुम्ही बघितलाच नाही.

आडवातिडवा
काका तुम्ही यावर वेगळं सविस्तर लिहा. खरंच.

मधली_सुट्टी
+१ काका

जुनापडदा
टायपिंगला फार वेळ लागतो. नातू आला की लिहितो.

नावनको
'साबर बोंडं' आईबरोबर बघितला. मुद्दाम तिलाच घेऊन गेलो. तिला एवढंच सांगितलं होतं की अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठं बक्षीस मिळालेला मराठी सिनेमा आहे, गावातला आहे. वडील गेल्यावर दहा दिवस गावी राहायला आलेला मुलगा, भेटायला येणारा प्रत्येक जण लग्नाचं विचारतो, आणि त्याचा जीव मात्र गावातल्या मित्रावर. आई पहिल्यांदा कुजबुजत होती, आपल्याकडे अशीच चूल होती, हे असंच बसतात सुतकात. मग बोलायची थांबली.
बाहेर आल्यावर म्हणाली, "त्या आईला सगळं ठाऊक होतं ना रे?" मी म्हटलं, हो. रिक्षा मिळेना. ती म्हणाली, चालत जाऊ, मला विचारायचंय तुला एक-दोन गोष्टी.

निशाचर
नावनको, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

सड्यावरची
+१. आणि तुलाही.

खडूस_प्रेक्षक
तो सिनेमा संथ आहे म्हणून मी मध्येच उठणार होतो. परत बघतो.

नावनको
आभार सगळ्यांचे. आईला संथ वाटला नाही पण सीट फार मागे जाते अशी तक्रार होती.

रात्रशाळा
'आता थांबायचं नाय' कुणीच कसा लिहिला नाही? महापालिकेचे सफाई कर्मचारी दहावीला बसतात तो. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव. १ मे ला आला होता.
मी स्वतः रात्रशाळेतून दहावी केलीय, दोन मुलं झाल्यावर. त्यामुळे माझं मत बाजूला ठेवा, मी पहिल्या प्रसंगापासून रडत होते. बाकं लहान मुलांची, गुडघे आत जात नाहीत. दिवसा काम, सातला वर्ग, आठला डोळे मिटायला लागतात. सर खडू मारायचे नाहीत, नाव घेऊन विचारायचे "आज काय बनवलंत घरी?" मग सगळा वर्ग जागा. भूमितीत प्रमेय पाठ व्हायचं नाही तेव्हा माझा मुलगा, चौथीतला, मला धरायचा, चुकले की पट्टी दाखवायचा. त्यानेच आता हे तिकीट काढलं. अगदी समोरची रांग, मान अवघडली. ऑनलाइन काढताना पडदा कुठल्या बाजूला ते बघितलंच नाही त्याने, आणि हा इंजिनियर आहे.

झाडीपट्टी
हाहाहा. पट्टी दाखवा त्याले.

पाऊसवेडी
मान अवघडली त्यावरून, राष्ट्रगीताला उभी राहिले, परत बसायला गेले तर खुर्ची वर गेलेली. पॉपकॉर्न पुढच्या आजोबांच्या टोपीत. तिकिटापेक्षा महाग पॉपकॉर्न हो ते!

भिशीवाली
म्हणून आम्ही चिवडा नेतो. पर्समध्ये नाही, छत्रीत. कुणी बघत नाही.

मधली_सुट्टी
छत्रीत??? उघडली तर?

भिशीवाली
उघडली होती एकदा. पार्किंगमध्ये. नको तो विषय.

सातासमुद्र
इथे परदेशात मराठी सिनेमा म्हणजे मंडळाचा एक शो, रविवारी सकाळी, सगळे ओळखीचे. सिनेमाला कमी आणि भेटायला जास्त जातो. दशावतार बघताना शेजारच्या बाई मालवणीचा अर्थ नवऱ्याला सांगत होत्या आणि तो निम्मा चुकीचा होता, मला सुधारायचा मोह आवरेना. ओटीटीवर कधी येतोय?

खडूस_प्रेक्षक
थिएटरचा विषय चाललाय आणि यांना ओटीटी.

मधली_सुट्टी
सांगलीचं कुणी आहे का? दशावतार अजून लागलाय का तिकडे? रविवारचं बघत होते, दिसत नाहीये.

आडवातिडवा
आहे. सकाळी पावणेदहाचा एकच. माणसं कमी पडली तर सांगा, मेव्हणा सांगलीतच असतो.