टॉमकॅटचे दोन नोड टाकले आणि लोक मधूनच लॉगआउट व्हायला लागले, आता क्लस्टरिंग करावंच लागेल का?

घाटमाथा:
नमस्कार मंडळी. आमचं एक अ‍ॅडमिशन पोर्टल आहे, दोन-तीन कॉलेजं वापरतात. टॉमकॅट ९ (जावा अ‍ॅप चालवणारा सर्व्हर), जुनं जेएसपी आणि थोडं स्प्रिंग, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. वर्षभर कोणी ढुंकून बघत नाही आणि बारावीचा निकाल लागला की सगळे एकदम तुटून पडतात. गेल्या सीझनला एकच मशीन होतं, हीप (जावाची मेमरी) भरायची, जीसी मध्ये (मेमरी साफ करण्यात) अडकायचं आणि मग रीस्टार्ट करत बसा. म्हणून यंदा दोन उबुंटू व्हीएम घेतल्या, दोन्हीवर तीच वॉर फाइल (अ‍ॅपचं पॅकेज) टाकून दोन नोड केले आणि पुढे तिसऱ्या मशीनवर एनजिनएक्स (रिक्वेस्ट वाटून देणारा प्रॉक्सी) ठेवून दोन्हींचा ८०८० पोर्ट अपस्ट्रीममध्ये दिला.

आता लॉगिन होतं आणि पुढच्याच क्लिकला परत लॉगिन पेज. एक नोड बंद केला की सगळं सुरळीत. मग आयपी हॅश (येणाऱ्याच्या आयपीवरून नोड ठरवणं) लावलं तर लॉगआउटचं थांबलं, पण कॉलेजच्या लॅबमधली सगळी पोरं एकाच नोडवर जातात आणि दुसरा माश्या मारत बसतो. सर म्हणतात "क्लस्टरिंग कर", म्हणून सर्व्हर डॉट एक्सएमएल मधली क्लस्टरची ओळ अनकमेंट केली, दोन्ही टॉमकॅट रीस्टार्ट केले, तरी ढिम्म फरक नाही. नक्की काय करायचं असतं? बजेट फारसं नाहीये, लोड बॅलन्सर विकत वगैरे घेणार नाहीत.

रात्रपाळी:
तुमच्या सरांनी दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्यात. कुठली रिक्वेस्ट कुठल्या नोडला द्यायची हे लोड बॅलन्सिंग, आणि एका नोडच्या मेमरीतलं सेशन (कोण लॉगिन आहे, काय भरलंय ती माहिती) दुसऱ्यालाही कळणं हे क्लस्टरिंग. तुमचा आत्ताचा त्रास पहिल्यातला आहे. एनजिनएक्स बाय डिफॉल्ट राउंड रॉबिन करतो, पाळीपाळीने एकेका नोडला देतो, म्हणजे लॉगिन पहिल्या नोडवर झालं आणि पुढची क्लिक दुसऱ्यावर गेली, त्याच्याकडे ते सेशन नाहीच, मग तो लॉगिन पेज दाखवणार नाही तर काय करणार. स्टिकी सेशन लावा, म्हणजे एक माणूस कायम एकाच नोडवर जाईल, नव्वद टक्के प्रश्न तिथेच मिटतो.

आयपी हॅश मात्र काढाच. तो आयपीव्ही४ चे पहिले तीनच आकडे बघतो, त्यामुळे नुसती लॅबच नाही, शेजारचं होस्टेल त्याच रेंजमध्ये असेल तर तेही त्याच नोडवर. आणि मोबाइलवाल्याचा आयपी मधेच बदलला की तो परत लॉगआउट होण्याची शक्यता आहेच.

मी तुमच्या जागी असतो तर एनजिनएक्सच्या जागी एचएप्रॉक्सी टाकला असता, तोही लोड बॅलन्सरच, फुकटच आहे. बॅकएंडमध्ये बॅलन्स लीस्टकॉन (सगळ्यात कमी कनेक्शन असलेल्या नोडला द्या) ठेवा आणि कुकी इन्सर्ट मोडमध्ये द्या, मग तो स्वतःची एक छोटी कुकी ब्राउझरला चिकटवतो, त्यात नोडचं नाव असतं. टॉमकॅटला हातसुद्धा लावावा लागत नाही. हेल्थ चेकसाठी (नोड जिवंत आहे का ते बघायला) होम पेज देऊ नका, एक वेगळं हलकं पान करा जे डेटाबेसला एक साधी क्वेरी मारून २०० (म्हणजे सगळं ठीक) परत देतं. ८०८० उघडा आहे पण आत सगळं गळपटलंय असा नोड नुसत्या पोर्ट चेकला जिवंतच दिसतो.

कोडकर:
एचएप्रॉक्सी कशाला, एनजिनएक्समध्येच जेसेशनआयडी कुकीवर (टॉमकॅटची सेशन आयडीची कुकी) हॅश लावा ना. एका ओळीचं काम.

रात्रपाळी:
@कोडकर नाही चालत ते धड. पहिल्या रिक्वेस्टला कुकीच नसते, ती कुठेही जाते, समजा पहिल्या नोडने सेशन बनवलं, आता त्या आयडीचा हॅश दुसऱ्या नोडचा निघाला की झालं कल्याण. वर लॉगिन झाल्यावर सेशन आयडी बदलतो, फिक्सेशनचा हल्ला (आपल्याला माहीत असलेला आयडी दुसऱ्याच्या गळ्यात मारून त्याचं सेशन चोरणं) होऊ नये म्हणून स्प्रिंग सिक्युरिटीही बदलतं आणि टॉमकॅटचं स्वतःचं ऑथेंटिकेशनही, म्हणजे हॅश परत वेगळा. एनजिनएक्सच ठेवायचा असेल तर टॉमकॅटच्या इंजिन टॅगमध्ये जेव्हीएमरूट द्या, एका नोडला एन१, दुसऱ्याला एन२, म्हणजे सेशन आयडीच्या शेवटी टिंब देऊन ते नाव लागतं, आणि एनजिनएक्समध्ये मॅप लिहून त्या शेपटीवरून नोड ठरवा. अपाचेचा मॉड प्रॉक्सी बॅलन्सरही याच शेपटीवर चालतो, फक्त तिथलं रूट आणि इथलं जेव्हीएमरूट अक्षर न् अक्षर सारखं पाहिजे. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये कुकी उघडून बघा, शेपटी दिसली नाही तर पुढचं काही तपासायलाच जाऊ नका.

आणि जुन्या ब्लॉगवर एजेपी (प्रॉक्सीने टॉमकॅटशी बोलायचा वेगळा प्रोटोकॉल) आणि पोर्ट ८००९ वापरा असं लिहिलेलं सापडेल. २०२० च्या घोस्टकॅट भानगडीनंतर (एजेपीतलं सुरक्षेचं भोक) ९.०.३१ पासून तो कनेक्टर डिफॉल्ट बंद आहे आणि चालू केला तर सीक्रेट मागतो. साधं एचटीटीपी प्रॉक्सी करा, तुमच्या लोडला काही फरक पडत नाही.

सिंहगडरोड:
ओळ अनकमेंट करून फरक का पडला नाही ते सांगते. नुसत्या त्या ओळीने सेशन रेप्लिकेट (दुसऱ्या नोडवर कॉपी) होत नाही, तुमच्या अ‍ॅपच्या वेब डॉट एक्सएमएल मध्ये डिस्ट्रिब्युटेबल टॅग लागतो. तो नसेल तर टॉमकॅट तुमचं अ‍ॅप क्लस्टरमध्ये धरतच नाही. दुसरं, सेशनमध्ये जे जे ऑब्जेक्ट टाकता ते सगळे सीरियलायझेबल (बाइट्स करून पाठवता येणारे) पाहिजेत, त्यांच्या आतलेसुद्धा. जुन्या जेएसपी अ‍ॅपमध्ये कोणीतरी डेटाबेस कनेक्शनच सेशनमध्ये कोंबून ठेवलेलं असतं, ते आधी शोधा.

तिसरं सगळ्यात चकवणारं. डेल्टा मॅनेजर (टॉमकॅटचा सेशन कॉपी करणारा भाग) फक्त सेट अ‍ॅट्रिब्यूट केलं तेव्हाच बदल पाठवतो. तुम्ही सेशनमधून फॉर्मचं ऑब्जेक्ट काढलं, त्यात बारावीचे मार्क भरले आणि परत सेट केलंच नाही, तर त्या नोडवर मार्क दिसतात आणि दुसऱ्यावर रिकामे. टेस्टिंगला एकाच नोडवर असता त्यामुळे कळतच नाही, नोड पडल्यावर विद्यार्थ्याचा फोन येतो तेव्हा कळतं.

नोड एकमेकांना २२८.०.०.४ वर मल्टिकास्टने (सगळ्यांना एकदम हाक मारून) शोधतात, यूडीपी पोर्ट ४५५६४, आणि खरा डेटा टीसीपी ४००० वरून जातो. व्हीएम क्लाउडवर असतील तर मल्टिकास्ट बहुतेक ठिकाणी चालत नाही, मग स्टॅटिक मेंबरशिप (नोडची यादी हाताने) लिहावी लागते. ते ४००० पोर्ट बाहेरच्या जगाला अजिबात उघडं ठेवू नका, तिथे कोणी कोण आहे हे विचारत नाही. दोन्ही मशीनची घड्याळं एनटीपीने जुळवा. आणि एवढं करूनही स्टिकी ठेवायचंच, कारण डिफॉल्टला बदल असिंक्रोनस जातो, पुढची क्लिक दुसऱ्या नोडवर त्याच्याआधीच पोचू शकते.

कोडकर:
म्हणूनच म्हणतो या फंदात पडू नका. स्प्रिंग आहेच तर स्प्रिंग सेशन घाला आणि सेशन रेडिसमध्ये (टॉमकॅटबाहेरचा मेमरीतला डेटा स्टोअर) ठेवा, रेडिस नको असेल तर त्याच पोस्टग्रेसमध्ये. टॉमकॅट पाडा, उठवा, तिसरा आणा, काही फरक पडत नाही. डेल्टा मॅनेजर प्रत्येक सेशन प्रत्येक नोडवर ठेवतो, म्हणजे ज्या हीपसाठी दुसरी व्हीएम घेतली ती परत तेवढीच भरणार.

सिंहगडरोड:
हीपचा मुद्दा मान्य. पण सीरियलायझेबलची साफसफाई रेडिसलाही करावीच लागते आणि रेडिस पडला की दोन्ही नोडवरचे सगळे एकदम बाहेर. सीझन तोंडावर असताना मी नवीन डबा वाढवला नसता.

आबा_डेव्हऑप्स:
तुमचं सेशनचं भांडण चालू द्या, मला वेगळंच विचारायचंय. मार्कशीटचे स्कॅन कुठे सेव्ह होतात? लोकल डिस्कवर असतील तर पहिल्या नोडवर अपलोड केलेलं दुसऱ्यावरून ४०४ येणार, कॉलेजचा क्लार्क "डॉक्युमेंट नाही" म्हणून फॉर्म परत पाठवणार. एनएफएस नाहीतर ऑब्जेक्ट स्टोरेज काहीतरी सामायिक पाहिजे. रात्री फीच्या रिमाइंडरचा शेड्युलर आहे का? आता तो दोन्ही नोडवर चालेल, पालकांना दोन-दोन मेसेज. शेडलॉक लावा, म्हणजे एका वेळी एकच नोड ते काम करेल.

आणि कनेक्शन पूल (डेटाबेसची तयार ठेवलेली कनेक्शन्स) बघा हो. पोस्टग्रेसचं मॅक्स कनेक्शन्स डिफॉल्ट १०० असतं. एका नोडला पूल ६० चा होता तेव्हा निभावलं, आता दोन नोड म्हणजे १२०, ऐन गर्दीत "सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी". शंभर वाढवून पाचशे करू नका, पूल कमी करा, वीस-पंचवीसमध्ये भागतं बऱ्याचदा.

घाटमाथा:
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. एचएप्रॉक्सी टाकला, कुकी लावली, लॉगआउट बंद. लॅबमधली पोरंही दोन्ही नोडवर वाटली जातायत. शेड्युलर खरंच डबल चालत होता आबा, तूर्तास कॉन्फिगमधून एका नोडवर बंद केलाय. अपलोड एनएफएसवर नेतोय.

क्लस्टरिंगही टेस्टवर करून बघितलं, डिस्ट्रिब्युटेबल टाकलं, पण एक नोड मारला की सेशन जातंच. लॉगमध्ये मेंबर अ‍ॅडेड तर येतंय, त्यापुढे टीसीपी, मग महिरपी कंसात १२७, ०, १, १ आणि ४००० असं काहीतरी आहे. हे बरोबर आहे का?

सिंहगडरोड:
तिथेच घोळ आहे. उबुंटू ईटीसी होस्ट्समध्ये मशीनचं नाव १२७.०.१.१ ला बांधून ठेवतो, रिसीव्हरचा अ‍ॅड्रेस ऑटो असला की टॉमकॅट तेच उचलतो आणि शेजाऱ्याला सांगतो की मला इथे भेट. शेजारी बिचारा स्वतःच्याच मशीनवर शोधत बसतो. रिसीव्हर टॅगमध्ये दोन्ही नोडवर आपापला खरा प्रायव्हेट आयपी लिहा.

घाटमाथा:
झालं ताई!! नोड मारला, फॉर्म अर्धा भरलेला होता, पुढच्या क्लिकला तसाच उघडला. फक्त मार्कांचं पान रिकामं आलं, म्हणजे सेट अ‍ॅट्रिब्यूट वाली भानगड, ती शोधून दुरुस्त करतोय.

रात्रपाळी:
मस्त. आता नवीन वॉर टाकताना नोड थेट मारू नका, एचएप्रॉक्सीत त्याला ड्रेन वर टाका, नवे लोक येणं थांबतं, आतले आपापलं उरकून जातात, मग बंद करा. एसएसएल एचएप्रॉक्सीवर संपवत असाल तर तिथून एक्स फॉरवर्डेड फॉर आणि प्रोटो हे दोन्ही हेडर (येणाऱ्याचा खरा आयपी आणि एचटीटीपीएस होतं का ते) पाठवा आणि टॉमकॅटमध्ये ते वाचणारा रिमोट आयपी व्हॉल्व घाला, नाहीतर रीडायरेक्ट एचटीटीपीवर जातील.

घाटमाथा:
एसएसएल तिथेच आहे, व्हॉल्व आज टाकतो. आणि एचएप्रॉक्सीचं मशीनच बसलं तर?

आबा_डेव्हऑप्स:
तर सगळंच बसलं. अजून एक छोटी व्हीएम, दोन्हीवर कीपअलाइव्हडी आणि मध्ये एक तरंगता आयपी, एक मशीन बसलं की तो दुसऱ्याकडे जातो. मल्टिकास्ट बंद असेल तर त्यात युनिकास्ट पीअर (दुसऱ्या मशीनचा थेट पत्ता) लिहिता येतो. क्लाउडवाल्याला आधी विचारा की तरंगता आयपी देतो का, काही जण देत नाहीत, मग त्यांचाच बॅलन्सर घ्यावा लागतो.