ऑब्जेक्ट कुठल्या प्रोसेसमध्ये आहे, हे विसरायचं कशाला?

अनगोळकर: काल इथं एकानं नेटवर्कवरून वापरायच्या, दुसऱ्या प्रोसेसमधल्या (म्हणजे वेगळ्या चालू प्रोग्राममधल्या) ऑब्जेक्टबद्दल लिहिलंय, "डिस्ट्रिब्युटेड ऑब्जेक्ट आले की प्रोसेसचा विचार सोडा. ऑब्जेक्ट कुठंही असो, मेथड कॉल तोच." वाचून डोकंच फिरलं. ऑब्जेक्ट, म्हणजे डेटा आणि त्यावरच्या मेथड, कुठल्यातरी प्रोसेसच्या मेमरीतच असतो की ओ! आपल्या हातात नुसता स्टब, म्हणजे कॉल तिकडं पाठवणारा इकडचा प्रतिनिधी. तिकडची प्रोसेस मेली तरी आपली चालूच राहते, आणि कॉल पोचला होता की नाही हेही कळत नाही. जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत असताना १९९४ सालीच हे बजावलंय.

टिळकवाडीवाला: ते मीच लिहिलंय. आम्ही कोर्बावरचा (नेटवर्कवरच्या ऑब्जेक्टना जोडणारं मानक) सर्व्हर दुसऱ्या मशीनवर हलवला, नावावरून ऑब्जेक्ट शोधून देणाऱ्या नेमिंग सर्व्हिसमध्ये नवी नोंद केली, क्लायंटची एक ओळ बदलली नाही. आणि जावाच्या आरएमआयमध्ये (दुसऱ्या प्रोसेसमधल्या ऑब्जेक्टवर कॉल करायची सोय) अ‍ॅक्टिव्हेशन होतं, कॉल आला की प्रोसेस उठायची. म्हणजे ऑब्जेक्ट प्रोसेसपेक्षा जास्त जगतो!

अनगोळकर: होतं. २०२१ साली जावा १७ मधून काढून टाकलं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत नेटवर्कचा स्विच बंद पडला आणि भट्टीच्या तापमानाचा स्क्रीन थिजला. ऑपरेटरनं दाबलेलं बटण दाबलेलंच राहिलं. आरएमआय उत्तराची वाट किती बघणार याला मुळात मर्यादाच नाही, टाइमआउट आपण घालायचा. इथं कॉल स्क्रीन चालवणाऱ्याच थ्रेडवर होता, म्हणून उत्तर येईपर्यंत स्क्रीनही अडकला. "कॉल तोच" समजून लिहिलं की असं होतं.

निपाणीकर: पोरांना शिकवतात तरी काय? स्टब आणि स्केलेटन (सर्व्हरकडं कॉल घेणारा भाग) यांची आकृती काढली की मार्क. जावा १.२ पासून आरएमआयला स्केलेटन लागतच नाही! माझ्या भाच्याला पुण्यात मुलाखतीत विचारलं, ऑब्जेक्ट कुठल्या प्रोसेसमध्ये आहे? गप्प बसला बिचारा.

खानापूरकर: मी शिकवतो, म्हणून बोलतो. मराठी शाळेतनं आलेलं पोर इथं इंग्रजीतनं कॉम्प्युटर शिकतं, निम्मा तास शब्द सोडवण्यात जातो. मास्तरांना शिव्या देणं सोपं आहे.

निपाणीकर: शिव्या नव्हेत, सर. दोन टर्मिनल उघडा, सर्व्हर किल करा, क्लायंटवर रिमोट एक्सेप्शन, म्हणजे तिकडचा कॉल फसल्याची सूचना, दिसतं. याला भाषा कशाला लागते?

खानापूरकर: एक्सेप्शन दिसेल हो, पण ते का आलं हे कुठल्या भाषेत सांगू? परीक्षेत उत्तर इंग्रजीत लिहायचंय. तुम्ही या आणि वर्गासमोर उभे राहा.

निपाणीकर: येतो. तारीख सांगा.

टिळकवाडीवाला: मूळ मुद्द्यावर या हो! टाइमआउटचं मान्य, पण तेवढंच. अर्लांग या प्रोग्रामिंग भाषेत प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी, बोलायचं ते निरोपानं. मग ती प्रोसेस आणि माझा ऑब्जेक्ट यांत फरक काय उरला?

अनगोळकर: तिथली प्रोसेस मेली की तिला लिंक केलेल्या, म्हणजे जोडून ठेवलेल्या, प्रोसेसला तसा निरोप जातो, मरण लपवत नाहीत. "कॉल तोच" एवढं वाक्य काढा, बाकीचं राहू दे.