रोजचा स्वयंपाक पटकन कसा उरकायचा?

ऑफिसवरून आलं की अंगात त्राण नसतं आणि नुसतं चिरणं-सोलणं यातच तास जातो, वर भांड्यांचा ढीग वेगळाच. रोज बाहेरचं खायचं नाहीये. तुम्ही कसं जमवता?

घाईतली सुगरण:
एकदाच भरपूर कांदा-टोमॅटो परतून ठेवा, गार झालं की छोट्या डब्यांत भरून फ्रीजरला. आयत्या वेळी एक डबा काढला की निम्मं काम झालंच म्हणून समजा. मोठ्या डब्यात एकत्र भरलंत तर त्याचा दगड होतो आणि सुरीने फोडत बसावं लागतं 😄

कुकरप्रेमी:
कडधान्य रात्री भिजवा आणि कुकर वापरा, आत वाफ कोंडून तापमान १२० अंशांच्या आसपास जातं म्हणून लवकर शिजतं. टोमॅटो, चिंच वगैरे आंबट आधी घालू नका हं, दाणा लवकर मऊ होत नाही, ते शिजल्यावरच.

प्रश्नकर्ता:
@घाईतली सुगरण, शिजवलेला भातही फ्रीज करता का?

घाईतली सुगरण:
हो, पण ओट्यावर तासन्‌तास राहू द्यायचा नाही, त्यात जंतू वाढतात. पसरट ताटात गार करून २ तासांच्या आत फ्रीजरमध्ये टाकायचा.

आळशी नं. १:
भांड्यांचं कोणी बोललंच नाही! फोडणी टाकली त्याच कढईत भाजी शिजवा, वर झाकण ठेवा, तेवढ्यात सुरी-पाट विसळून होतो. आणि घरात बाकीची माणसं असतील तर लसूण त्यांना सोलायला द्या की.