मदत हवी आहे: फक्त घोड्यांच्या प्रजननाचं क्लिनिक काढतोय, आधी पैसा कुठे घालू?

नमस्कार मंडळी,

शहाद्याच्या बाजूला आठ वर्षं खासगी पशुवैद्यक म्हणून काम करतो. शिक्षण पशुप्रजननातलं, पोट मात्र गाई-म्हशींवर. घोड्यांचं काम हौसेनं धरलं, आता ते हौसेपलीकडे गेलंय. गेल्या हंगामात ४१ घोड्या तपासल्या. बहुतेक मारवाडी, थोड्या काठियावाडी. रस्त्यालगत वडिलोपार्जित वीस गुंठे आहेत, हाताशी साधारण बारा लाख आहेत.

सध्या सगळं काम मोटारसायकलवर. मागे बांधलेलं सोनोग्राफीचं सेकंड-हँड मशीन आणि घोडी धरायला जो कोणी हजर असेल तो. ट्रेव्हिस (घोडी उभी करून अडकवायची चौकट) कुणाकडेच नाही. दोनदा लाथ खाल्लीय, एकदा मशीननं खाल्ली. मशीनची जास्त लागली.

अडचणी सांगतो.

एक तर बोलावणं उशिरा येतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात शंभर जण नंबर घेतात, पण त्या थंडीत बहुतेक घोड्या माजावर नसतातच. दिवस मोठा होऊ लागला की चक्र सुरू होतं. तोवर माझा नंबर हरवलेला असतो. मग वैशाखात फोन, "डॉक्टर, वळूला (पैदाशीच्या घोड्याला) तीनदा दाखवली, राहत नाही." दाखवली म्हणजे माज ओळखून नव्हे, वळूवाल्याला सवड होती त्या दिवशी. घोडीचा माज पाच-सात दिवस चालतो आणि बीज सुटतं शेवटी शेवटी. पहिल्याच दिवशी दाखवून घरी नेली तर राहणार कशी?

दुसरं, जुळं. गेल्या वर्षी एका घोडीला चाळिसाव्या दिवशी तपासलं. जुळं आहे म्हटल्यावर मालक पेढे आणायला निघाला! घोडीत जुळं म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही जातात, हे त्याला कोण सांगणार? मीच सांगितलं. चौदाव्या ते सोळाव्या दिवशी बोलावलं असतं तर एक फोडून दुसरं वाचवता आलं असतं. चाळिसाव्या दिवशी हातात फारसं काही उरत नाही.

तिसरं, पैसे. "गाभण राहिली तर देतो" हाच इथला करार. राहिली तर श्रेय वळूला, नाही राहिली तर दोष डॉक्टरला. सतरा वर्षांच्या एका घोडीच्या गर्भाशयात दाखवल्यानंतर पाणी साचायचं. सलाईननं धुतलं, ऑक्सिटोसिन दिलं, राहिली. बिदागी वळूवाल्याला मिळाली, मला चहा.

तर प्रश्न असा: आधी गोठवलेल्या रेताची (वीर्याची) प्रयोगशाळा उभी करू (डमी, कृत्रिम योनी, सूक्ष्मदर्शक, नायट्रोजनचे कॅन), की घोड्या ठेवायला आठ ठाणी बांधू? आणि वळूवाले मला शत्रू समजतात, त्यांचं काय करू?

प्रतिसाद: मुळामुठा

पुण्याकडच्या एका थरोब्रेड स्टड फार्मवर बारा वर्षं काढली आहेत. आमच्यात कृत्रिम रेतन चालतच नाही, तसं शिंगरू स्टडबुकात (जातीच्या नोंदवहीत) नोंदवलं जात नाही. तरी आमचे डॉक्टर हंगामात झोपत नाहीत. म्हणजे रेताच्या बाटलीशिवायही भरपूर काम असतं, हे आधी डोक्यात घ्या. प्रयोगशाळा आत्ता नको. ठाणी बांधा, पण आठ नाही, चार. आणि ट्रेव्हिस सगळ्यात आधी, मजबूत पाइपाचा.

प्रतिसाद: खुरटाप

मीही पशुवैद्यक. ठाण्यांच्या बाजूनं मत, कारण वेगळं. गोठवलेलं रेत आत फार टिकत नाही, बीज सुटण्याच्या आसपास सहा-एक तासांत पडावं लागतं. म्हणजे शेवटच्या रात्री दर सहा तासांनी सोनोग्राफी. हे मोटारसायकलवर होत नाही. थंड केलेल्या रेताला दिवसभराची तरी मोकळीक असते, तिथून सुरुवात करा.

पण चार घोड्या एका छपराखाली आल्या की रोगही येतो. ग्लँडर्स आणि ईआयए (घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय) या रोगांचा तपासणी अहवाल पाहिल्याशिवाय एकही आत घेऊ नका, मालक कितीही ओळखीचा असो. ग्लँडर्स निघाला तर जनावर मारावंच लागतं, आणि क्लिनिकही त्या हंगामापुरतं मेलं समजा. पाचवं ठाणं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, वेगळ्या बादलीचं ठेवा.

पैशाचं म्हणाल तर गाभण राहण्यावर फी ठेवूच नका. एका माजाची एकरकमी फी, आगाऊ, आणि त्यातच चौदाव्या दिवसाची व अठ्ठाविसाव्या दिवसाची तपासणी. पैसे आधी भरलेले असले की माणूस चौदाव्या दिवशी स्वतःहून येतो. तुमचा पेढेवालाही आला असता.

बाजारात नंबर वाटण्याऐवजी दिव्याचं सांगा. डिसेंबरापासून रोज दिवस-दिवा मिळून सोळा तास उजेड ठेवला तर दोन-अडीच महिन्यांत घोडी लवकर माजावर येते. १०० वॉटचा बल्ब, संध्याकाळी. खर्च काही नाही, आणि त्या निमित्तानं माणूस फेब्रुवारीपर्यंत तुमच्याशी बोलत राहतो.

प्रतिसाद: नुकरावाला

मी वळूवाला, मग माझंही ऐका. तुम्ही बाटली विकणार तर माझ्या दारात कोण येणार? आम्ही घोड्याला बारा महिने पोसतो, तुम्ही चार महिने कमावणार.

धागाकर्ता

दादा, तुमच्या घोड्याची बाटली तुमच्याच नावानं आणि तुमच्याच दरानं जाईल, मी फक्त काढण्याचे आणि भरण्याचे पैसे घेईन. चांगल्या घोड्याच्या एका वेळच्या रेतातून सात-आठ ताज्या मात्रा निघू शकतात. शिवाय परक्या घोडीची लाथ नाही की तिचा रोग नाही. त्याआधी एकदा त्याचं रेत तपासून देतो, फुकट. हंगामाच्या मध्यावर कमी पडतंय असं कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

बाकी दोघांचे आभार. ट्रेव्हिस उद्याच लोहाराला सांगतो. चार अधिक एक ठाणी, प्रयोगशाळा पुढच्या वर्षी. @खुरटाप, आगाऊ फी भरूनही घोडी राहिली नाही तर दुसऱ्या माजाला सवलत देता का? की तिथेही ठाम राहायचं?

प्रतिसाद: खुरटाप

औषधाचे पैसे पूर्ण, माझ्या कामाचे अर्धे. तिसऱ्या माजाला आधी गर्भाशयाचा स्वॅब, मग बाकीचं बोलणं.

प्रतिसाद: नुकरावाला

रविवारी घोडा घेऊन येतो. पण त्या सूक्ष्मदर्शकातून आधी मी बघणार, मग तुम्ही.